नोटीस कुणाच्या नावाने येते?

गेल्या दिवाळीत माहेरी जळकोटला गेले होते. आमची गल्ली जुनी आहे. भिंतीला भिंत लागून बसलेली माळवदाची घरे, काहींवर आता पत्रे आले, काहींवर स्लॅब. पण प्रत्येक घरापुढचा ओटा अजून तसाच आहे आणि दुपारी त्यावर बाया बसतात. त्या दिवशी ओट्यावर एकच विषय होता. "रस्ता मोठा व्हायलाय म्हणं. अर्धी गल्ली जाणार म्हणं." कुणी सांगितले, तर ते कुणालाच ठाऊक नव्हते. नकाशा कुणी पाहिला नव्हता, मोजणी झाली नव्हती, भिंतीवर लाल रंगाची खूण पडली नव्हती. म्हणजे अफवाच. जळकोट हे नांदेड-उदगीर रस्त्यावरचे गाव, तेव्हा रस्त्याच्या अफवा आम्हाला नव्या नाहीत.

मी सहज विचारले, "घर कुणाच्या नावावर आहे?" ओट्यावर आम्ही अकरा जणी होतो. कुणाचे घर सासऱ्याच्या नावावर, कुणाचे नवऱ्याच्या, कुणाचे दिराच्या. एकीचे तर आजेसासऱ्याच्या नावावर, ज्याला तिने कधी पाहिलेसुद्धा नाही. अकरा जणींत एकीचेही नाव घराच्या कागदावर नव्हते. त्यात मीही आले. एक म्हातारी म्हणाली, "नाव न्हाई माय माझं कुठंच. रेशनकार्डावर हाय तेवढं."

मैत्रिणींनो, रस्ता रुंदीकरणाविषयी मला जे म्हणायचे आहे ते या ओट्यावरूनच सुरू होते. जुनी घरे पाडू नका, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. रस्ता झालाच पाहिजे, असे म्हणणारेही पुष्कळ आहेत. दोघेही भांडतात ते घराच्या मालकाविषयी. त्या घरात राबणारी, राहणारी, ओट्यावर चार पैसे मिळवणारी बाई या भांडणात येतच नाही, कारण तिच्या नावाने नोटीसच निघत नाही.

माझ्या मावशीचेच सांगते. गावाचे आणि कार्यालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. अशी गावे मराठवाड्यात पुष्कळ आहेत. जुन्या पेठेत मावशीच्या सासरचे घर होते. समोर ओटा, मग ढाळज, मग दोन खोल्या, मागे न्हाणी. मावशी तिशीत विधवा झाली. पुढच्या खोलीत ती शिलाई करायची आणि उन्हाळ्यात ओट्यावर शेवयांचे यंत्र मांडायची. दोन मुलांची शिक्षणे त्या ओट्यावर झाली. रुंदीकरणाची नोटीस आली ती सासऱ्यांच्या नावाने. सासरे जाऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती. मोठ्या दिरांनी ती घेतली, संमतीच्या कागदावर सही केली आणि मावशीला कळले ते भिंतीवर लाल आकडा पडल्यावर. अकरा फूट जाणार होते. मावशी कचेरीत गेली. "तुमचं नाव कुठं आहे, बाई?" असे विचारून तिला परत पाठवले. भरपाई दिरांच्या खात्यात जमा झाली. "घराच्या दुरुस्तीलाच लागतील," एवढेच ते म्हणाले.

पुढे काय झाले ते नीट पाहा, कारण माझ्या मते इथेच खरी गोम आहे. यंत्राने कापले ते घराचे तोंड, म्हणजे ओटा आणि ढाळज. पण दिरांचे दुकान ढाळजेत होते. ते काही बंद पडले नाही. ते आत सरकले आणि मावशीच्या शिलाईच्या खोलीत आले. शिलाईचे यंत्र मागच्या खोलीत गेले. मागच्या खोलीतला स्वयंपाक न्हाणीच्या बोळीत गेला. न्हाणीला आडोसा उरला नाही म्हणून घरातल्या तीन बाया पहाटे अंधारात अंघोळी करू लागल्या. मागच्या खोलीपर्यंत गिऱ्हाईक येईना. वर्षभरात मावशीने यंत्र विकले. आज ती एका खाणावळीत पोळ्या लाटते.

सरकारच्या कागदावर त्या घराचे अकरा फूट रस्त्यात गेले. प्रत्यक्षात दुकानाचा एक फूटही गेला नाही. बैठक शाबूत, दुकान शाबूत. गेले ते सगळे बाईच्या वाट्याचे गेले. रस्ता घर पुढून कापतो, पण घरातल्या घरात ती तूट ढकलत ढकलत चुलीपाशी आणली जाते. याचा पंचनामा कोणता अभियंता करतो? भिंतीचे मूल्यांकन होते, दाराचे होते, सागवानी खांबाचे होते. ओट्यावरच्या शेवयांचे होत नाही. पहाटेच्या अंघोळीचे होत नाही.

"एका घरची गोष्ट सांगून तुम्ही विकासालाच विरोध करता," असे कुणी म्हणेल. आमच्या बैठकीतही एक कार्यकर्ते असे म्हणाले होते. रस्ता नको, असे मी म्हणत नाही. अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर घालून बोळाच्या तोंडापर्यंत आणलेले मी पाहिले आहे. आग लागली तर बंब आत येत नाही, अशा गल्ल्यांत मी काम केले आहे. अरुंद बोळात सासरची माणसे सुनेवर डोळा ठेवतात आणि संध्याकाळनंतर पोरीबाळींना तिथून जायची भीती वाटते, हेही मला ठाऊक आहे. जुन्या वाड्याविषयी गळा काढणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या माजघरात आपल्या आज्या घुसमटल्या, त्याची आरती मला करायची नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. रस्ता सगळ्यांचा असेल तर त्याची किंमत घरातल्या एकाच माणसाने का मोजायची? आणि जिने मोजली तिला हिशेबाला का बोलवायचे नाही?

रुंद सरळ रस्त्यांचा अनुभव लातूर जिल्ह्याला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हा मी पाळण्यातून नुकती उतरले होते. जे जाणले ते पुढे, समाजकार्याचे शिक्षण घेताना आणि त्या गावांत फिरताना. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली (उस्मानाबाद आता धाराशिव झाले) बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घर किती मोठे द्यायचे हे कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना अडीचशे चौरस फूट, मधल्यांना चारशे, मोठ्या जमीनदारांना साडेसातशे. सातबारावर बायांची नावे नव्हतीच. म्हणजे बाईला किती भिंती मिळायच्या, ते ज्या कागदावर तिचे नाव नाही त्या कागदाने ठरवले. नव्या गावांत रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आले. पण जुन्या गल्लीत एकीने हाक मारली की दुसरी ओ द्यायची, तशी घरे राहिली नाहीत. त्या गावांतल्या बाया आजही बोलताना "जुन्या गावात" असे म्हणतात आणि मग त्यांच्या बोलण्यात शेजारणींची नावे येतात.

तिथे तर निसर्गाचा कोप होता. नांदेडला तसे काही नव्हते. २००८ साली नांदेडला गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्याआधी जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात नांदेडची निवड झाली होती. निधी आला, शहरातले रस्ते रुंद झाले, गुरुद्वाराचा परिसर मोकळा झाला, घरे आणि दुकाने मागे सरली. नांदेडच्या रस्त्यांचे कौतुक आम्ही लातूर जिल्ह्यातल्या लोकांनीही केले, मी स्वतः केले. भाविकांची सोय झाली, हे खरेच आहे. पण इतक्या वर्षांत आमच्या कुठल्याही बैठकीत एक साधा प्रश्न निघाला नाही. रुंदीकरणात जिथे जिथे पैसे दिले गेले, त्यातले किती धनादेश बाईच्या नावाचे होते? किती विधवांना, किती टाकलेल्या बायांना, किती भाडेकरू बायांना काय मिळाले? हा प्रश्न नांदेडपुरता नाही. ज्या ज्या गावात रस्ता रुंद झाला, तिथे तिथे तो विचारायला हवा होता. सरकारने विचारला नाही, हे एक वेळ समजू शकते. आपण का विचारला नाही?

कायदा काय म्हणतो? कायदा वाटतो तितका मुका नाही. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात विधवा, घटस्फोटित आणि कुटुंबाने टाकून दिलेली स्त्री ही स्वतंत्र कुटुंब मानली आहे. हे वाक्य पाठ करून ठेवा. संगमनेरला १९८८ साली परित्यक्तांची परिषद भरली. टाकलेल्या बाईला कुटुंब म्हणून मोजा, ही तेव्हापासूनची आपली मागणी. ती निदान एका कायद्याच्या व्याख्येत शिरली आहे. शहरी भागात त्या जागेवर तीन वर्षे किंवा अधिक काळ राहणारे कुटुंब, मालक नसले तरी, बाधित कुटुंबात येते. घराचा तुकडाच घेतला जात असेल, तर "घ्यायचे तर सगळे घर घ्या" असे म्हणायची सोयही आहे. शहरात घर गेले तर किमान पन्नास चौरस मीटरचे बांधलेले घर देण्याची तरतूद आहे. नवी जागा नवरा-बायको दोघांच्या नावाने देता येईल, असेही लिहिले आहे. "देता येईल" असे म्हटले आहे, "दिलीच पाहिजे" असे नाही. या एका क्रियापदात आपली निम्मी लढाई अडकलेली आहे.

पण गावोगावचे रुंदीकरण पुष्कळदा या कायद्याच्या दारातून येतच नाही. नगररचनेच्या १९६६ च्या कायद्यात दुसरी वाट आहे. मालकाने संमतीने जागा सोडायची आणि बदल्यात वाढीव चटईक्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क घ्यायचा. ज्याच्याकडे मोठा प्लॉट आहे, बिल्डर आहे, वर तीन मजले चढवायची ऐपत आहे, त्याला हे परवडते. माळवदाच्या घरात राहणाऱ्या विधवेने चटईक्षेत्राचे काय करायचे? ते शिजवता येत नाही. आणि संमती कुणाची, तर ज्याचे नाव त्याची. पुनर्वसनाचे सगळे परिशिष्ट एका सहीने बाजूला पडते आणि ती सही आपली नसते.

६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या महाराजगंजच्या एका प्रकरणात निकाल दिला. २०१९ साली रस्ता रुंदीकरणासाठी तिथले एक घर रीतसर प्रक्रिया न करता पाडले होते. न्यायालयाने पंचवीस लाख रुपयांची अंतरिम भरपाई द्यायला लावली आणि सगळ्या राज्यांसाठी पायऱ्या सांगितल्या. आधी अभिलेखात रस्त्याची मूळ रुंदी किती ते पाहायचे, मग मोजणी करायची, अतिक्रमण असेल तर लेखी नोटीस द्यायची, हरकत ऐकायची, कारणांसह निर्णय द्यायचा, जागा सोडायला वेळ द्यायचा. आणि रस्ता मुळातच अपुरा असेल तर जमीन कायद्याने संपादन करायची. हा निकाल प्रत्येक गटाकडे असला पाहिजे. पण लक्षात घ्या, तिथेही नोटीस ज्याचे घर त्यालाच जाणार. नाव नसलेल्या बाईपर्यंत न्याय पोहोचायला मधली एक पायरी अजून आपणच बांधायची आहे.

वारसा हक्काचेही तसेच. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला, देशाने २००५ साली. जुन्या कायद्यात एक कलम होते. भाऊ राहत्या घराची वाटणी करत नाहीत तोवर बहिणीला वाटणी मागता येत नसे. २००५ साली तेही गेले. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, २००५ साली वडील हयात होते की नव्हते याला महत्त्व नाही, हक्क जन्माने आहे. विधवेचा वाटा तर १९५६ पासूनचा. इतके कायदे असूनही अकरा जणींत एक नाव नाही. का नाही? कारण कायद्याने दिलेले आपण घरात बसून परत करतो.

आता आपल्याविषयी. मावशीच्या पेठेत घरबचाव समिती झाली होती. मालक, दुकानदार, एक-दोन वकील. धरणे सात दिवस चालले. उन्हात मांडवात कोण बसले? बाया. घोषणा कुणी दिल्या? बायांनी. वाटाघाटीला आत कोण गेले? पाच पुरुष. बाहेर आले तेव्हा भरपाईचा दर वाढवून घेतला होता, पेढे वाटले. तो वाढलेला दर मावशीच्या दिरांना मिळाला. आमच्या भागातल्या महिला संघटनेने त्या धरण्याला पाठिंबा दिला होता. त्यात मीही होते. घर वाचवायच्या नावाखाली आपण मालकी वाचवून आलो, हे मला फार उशिरा उमगले. यापुढे ज्या समितीत भाडेकरू बाई नाही, विधवा नाही, ओट्यावर धंदा करणारी नाही, तिच्या मांडवात आपण गर्दी म्हणून बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग करायचे काय? खूण पडायच्या आधी करायचे ते आधी सांगते. प्रत्येक गल्लीत घरोघर यादी करायची. कर आकारणीच्या उताऱ्यावर, नमुना आठवर किंवा मालमत्ता पत्रकावर नाव कुणाचे, आणि प्रत्यक्षात राहते कोण, किती वर्षे, काय काम करते. वीजबिल, मतदार यादी, शाळेचा दाखला, जे मिळेल ते जपून ठेवायचे. तीन वर्षांचा रहिवास बाईलाच सिद्ध करावा लागणार आहे. गावातले घर दोघांच्या नावावर लावण्याचे परिपत्रक महाराष्ट्र सरकारने २००३ सालीच काढले आहे. खेड्यांत २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी होऊन मालमत्ता पत्रके निघत आहेत. ती निघतानाच बाईचे नाव लागले पाहिजे. एकदा कागद छापला की पुन्हा वीस वर्षे कुणी हात लावणार नाही.

आणि खूण पडल्यावर मागायचे ते असे. नोटीस घरातल्या प्रत्येक सज्ञान स्त्रीला वेगळी मिळाली पाहिजे. राहत्या घराच्या संमतीपत्रावर तिथे राहणाऱ्या बायांच्या सह्या असल्याशिवाय ते ग्राह्य धरू नये. ओट्यावरचा धंदा हा धंदा म्हणून मोजावा. उरलेल्या घरात न्हाणी, संडास आणि चूल यांना जागा राहते की नाही ते पाहिल्याशिवाय भिंतीला यंत्र लावू नये. पैसे संयुक्त खात्यात द्यावेत आणि "देता येईल" च्या जागी "दिलेच पाहिजे" यावे. हरकतीच्या मुदतीत आपले अर्ज पोहोचलेच पाहिजेत. नाव नसले तरी भरपाईत हितसंबंध सांगणाऱ्या व्यक्तीला दावा करता येतो. मावशीला हे कुणी सांगितले नाही. मला ते माहीत होते आणि मी वेळेवर गेले नाही, ही बोच माझ्या मनात आहे.

शेवटी स्वतःच्या घराचे सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. जळकोटचे आमचे घर वडिलांच्या नावावर आहे. ते गेल्यावर आम्ही दोघी बहिणींनी भावाला हक्कसोड लिहून दिली. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, बचत गटांपुढे वारसा हक्कावर बोलणारी. तरी सही केली. माहेर तुटेल ही भीती, दुसरे काही नाही. भावाने दोघींना साड्या घेतल्या. आईची सही तेवढी राहिली, कारण त्या दिवशी ती तापाने फणफणली होती. नंतर ते तसेच राहून गेले.

परवा भाऊ पुन्हा कागद घेऊन आला, असे आईने फोनवर सांगितले. मी म्हटले, "आई, सही करू नकोस. तुझं नाव लावून घे." बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "लेकाला दुखवू का माय? तू हाईस व्हय रोज भाकरी द्यायला?" मला उत्तर देता आले नाही. ती जे विचारते आहे ते कुठल्याही परिशिष्टात नाही, आणि तिला एकटीला लढ म्हणणे सोपे आहे.

म्हणून येत्या रविवारी मी जळकोटला जाणार आहे. त्याच ओट्यावर त्या दहा जणींना घेऊन बसणार आहे, भावालाही बोलावणार आहे. एका घरात एका आईने मागितले तर ते भांडण होते. अकरा घरांत एकाच दिवशी मागितले तर कदाचित तो गल्लीचा रिवाज होईल. आईचे नाव लागले की नाही, ते पुढच्या अंकात कळवते. तुमच्या गल्लीत किती नावे आहेत, ते तुम्ही मोजा आणि कळवा. लाल खूण पडायच्या आत.